पान्याचा ठोका

मी लिफ्ट दुरुस्त करायचो आणि माझी बायको लोकांना वजनं उचलायला शिकवायची. कुणी ओळख करून देताना म्हणायचं, "हे लिफ्टवाले, आणि ह्यासुद्धा." त्यावर ही म्हणायची, "फरक एवढाच, ह्यांची लिफ्ट अडकली की लोक शिव्या देतात. माझी अडकली की बिचारे टाळ्या वाजवतात."

घराला लागून एक गॅरेज आहे. त्यात गाडी कधी उभी राहिली नाही. जमिनीवर रबराच्या चटया, मध्ये बार ठेवायचा लोखंडी रॅक, भिंतीशी वजनाच्या प्लेटा आणि कोपऱ्यात हिची निळी प्लास्टिकची खुर्ची. आरसा नाही. तो तिनं कधी लावू दिला नाही. आरशासमोर माणूस पोट आत घेतो आणि श्वास विसरतो, असं तिचं म्हणणं. त्याऐवजी समोरच्या भिंतीवर, डोक्याच्या जरा वर, तिनं पांढऱ्या रंगाचा एक ठिपका काढला होता. बार खांद्यावर घेतला की नजर तिथं लावायची.

आमची सून चष्म्याच्या दुकानात काम करते. लग्न होऊन आली तेव्हा ती गॅरेजात फक्त कपडे वाळत घालायला यायची. एकदा रॅकवर टाकलेली ओली चादर काढताना ती हिला म्हणाली, "आई, हा बार मला उचलेल का?" ही म्हणाली, "तो तुला कशाला उचलेल? तूच त्याला उचल." तिथून सुरुवात झाली.

तेव्हा आमच्याकडे सरावाला एकजण यायचा, अजूनही येतो. घरसामान हलवायचं काम करतो. अंगानं एवढा की सगळे त्याला अस्वलच म्हणतात. तो म्हणायचा, "काका, जगातल्या सगळ्या सासवा सुनेच्या खांद्यावर ओझं टाकतात. आमच्या मास्तरीणबाई निदान त्याचं वजन तरी सांगतात."

सून चांगली तयार झाली. मग तिची कंबर धरली. वाकून मोजा चढवता येईना. डॉक्टर म्हणाले विश्रांती घ्या, मुलगा म्हणाला सोडून दे. हिनं दोघांचंही ऐकून घेतलं, आणि थोडं बरं वाटल्यावर सुनेच्या खांद्यावर झाडूचा दांडा ठेवला. बरेच दिवस दांडाच. मग रिकामा बार. मग दोन्ही बाजूंना पोळपाटाएवढ्या छोट्या प्लेटा.

त्याच काळात ही स्वतः आजारी पडली. उपचारांनी तिचा आवाज गेला, कुजबुजण्यापुरता उरला. एक जण वर चढत होती, एक खाली उतरत होती, आणि मी मध्ये प्लेटा लावत होतो.

आता आवाजाचं महत्त्व सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वजनं उचलायच्या स्पर्धेत स्क्वॉट करताना, म्हणजे बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठताना, नुसतं उठून चालत नाही. उठल्यावर हलायचं नाही. समोर बसलेले पंच "रॅक!" म्हणाले की मगच बार जागेवर ठेवायचा. आधी ठेवला तर कितीही वजन उचललेलं असो, लाल दिवा. ही पूर्वी पंचांसारखी खणखणीत "रॅक!" म्हणायची. आवाज गेल्यावर तिनं माझ्या पेटीतला मोठा पाना मागून घेतला. खुर्चीत बसून ती रॅकच्या खांबावर ठोका द्यायची. टण्ण. की सून बार ठेवायची. पाना वापरून झाला की ती तो खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवायची.

ही गेली तेव्हा पानाही तिथंच राहिला. मी काढला नाही.

त्यानंतरच्या स्पर्धेत सुनेला तीन संधी होत्या आणि तिन्ही वाया गेल्या. पहिल्या वेळी ती पुरेशी खाली गेली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी छान उठली आणि पंचांनी सांगायच्या आधीच बार ठेवून मोकळी. पहिल्या प्रकारात तिन्ही संधी हुकल्या की स्पर्धा तिथंच संपते, पुढचे दोन प्रकार करताच येत नाहीत. घरी येताना गाडीत कुणी बोललं नाही. मुलगा गाडी चालवत होता. दवाखान्यात नर्सचं काम करतो, गप्प कधी बसायचं ते त्याला कळतं.

जेवताना सून म्हणाली, "बाबा, अजून एकदा उतरते. तेव्हाही असंच झालं तर बस. गॅरेज रिकामं करू, गाडी आत राहील."

मुलगा म्हणाला, "गाडीचं काय, ती बाहेर सुखी आहे."

"गाडी सुखी असेल. मी नाही ना."

मी ताटातली भाकरी मोडत राहिलो. ती खुर्ची, तो ठिपका, रबराचा वास, एवढंच माझ्याकडे उरलं होतं. तिथं गाडी उभी राहिलेली मला बघवली नसती. पण सुनेला तसं सांगून कसं चालेल? माझ्या दुःखापायी पोरीनं वजनं का उचलावीत?

सराव पुन्हा सुरू झाला. अस्वल तिच्या मागे उभा राहायचा, मी प्लेटा लावायचो. हुकूम देणारं कुणी नव्हतं. सून स्वतःच्या मनानं उठायची, ठेवायची. ताकदीचा प्रश्नच नव्हता. मी, मुलगा, अस्वल, आम्हा तिघांचं एकच मत, पोरीच्या मनावर दडपण आलंय. अस्वल तर तिला लिंबूपाणी पाजायचा.

एका रविवारी सकाळी ती पाच वेळा बसून उठणार होती. तिसऱ्यांदा उठली तेवढ्यात मी झाडू घ्यायला खुर्चीमागे वाकलो. माझ्या खांद्याचा धक्का लागला आणि पाना खिळ्यावरून निसटून प्लेटांवर पडला. टण्ण. सुनेनं एक पाऊल पुढं टाकलं आणि बार रॅकमध्ये ठेवला.

अस्वल म्हणाला, "अहो वहिनी, तीनच झाले."

"हो, पण बाबांनी ठोकलं ना?"

"मी? पाना पडला गं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पान्याकडे. अस्वलाच्या डोक्यात आमच्याआधी उजेड पडला. तो हळूच म्हणाला, "काका, स्पर्धेत पडद्यामागे काय असतं?"

पडद्यामागे पुढचे खेळाडू अंग गरम करत असतात. प्लेटांवर प्लेटा आपटत असतात. सारखं टण्ण, टण्ण, टण्ण.

सून खाली चटईवर बसली. हसायला लागली, हसता हसता डोळे पुसायला लागली. "म्हणजे मी आईंचं ऐकत होते," ती म्हणाली. "पंचांच्या समोर उभी राहून मी आईंचं ऐकत होते."

उपाय सरळ होता. कुणीतरी ठोके मारत राहायचे आणि दुसऱ्या कुणीतरी पंचांसारखं "रॅक" म्हणायचं. ठोक्याला हलायचं नाही, शब्दाला हलायचं. ठोके मारायला अस्वल तयारच होता, एका हातानं बार सांभाळत दुसऱ्यानं वाजवीन म्हणाला. शब्द राहिला माझ्याकडे.

तो मला जमेना. त्या खोलीत मी कधी आवाज चढवला नव्हता. ती हिची जागा. मी "रॅक" म्हणालो तर अस्वल म्हणाला, "काका, मांजराला बोलावताय का?"

पुन्हा म्हणालो.

"आता मांजर पण येणार नाही."

सून बार खांद्यावर घेऊन उभीच होती. घामानं थबथबलेली. दात आवळून म्हणाली, "बाबा, लिफ्टच्या बोगद्यात तुम्ही असंच बोलायचात? तुमचा माणूस चिरडून मेला असता!"

ते मात्र खरं होतं. आमच्या कामात लिफ्टचा पाळणा हलवण्याआधी आरोळी द्यावी लागते, वरच्या माणसाला तळापर्यंत आणि तळाच्याला वरपर्यंत ऐकू जाईल अशी. मी आयुष्यभर ती आरोळी दिली होती. पण ती घरी आणली नव्हती. घरात एका मोठ्या आवाजाला जागा होती आणि ती भरलेली होती.

मी छाती भरून घेतली. "रॅक!"

शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. सुनेनं बार ठेवला. अस्वल म्हणाला, "अरे बाप रे. हा आवाज इतकी वर्षं कुठं गहाण ठेवला होता?"

पुढचे काही आठवडे गॅरेजात लोहारशाळा भरली. अस्वल पाना आपटायचा, डबे वाजवायचा, एकदा तर त्यानं घरातली परात आणली. सुरुवातीला प्रत्येक ठोक्याला सुनेचा पाय उचलला जायचा. मी मुद्दाम उशीर करायचो. ती थरथरत उभी राहायची. एकदा बार ठेवून ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, मला कसंतरी होतं. आई सांगतायत आणि मी ऐकत नाही, असं वाटतं."

मलाही तसंच वाटत होतं. तिच्या अंगात हिचं जेवढं उरलं होतं, तेवढं आम्ही परात वाजवून घालवत होतो. पण मी म्हणालो, "अगं, ती तुला कधी 'माझं ऐक' असं म्हणाली?"

"नाही."

"पंचांचं ऐक म्हणायची ना?"

"रोज."

"मग आईचंच ऐकतेयस. उभी राहा."

स्पर्धेचा हॉल मोठा होता, छताला पंखे, समोर लाकडी चौथरा, मागे निळा पडदा. मुलगा रात्रपाळी करून तसाच आला होता आणि खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होता. सुनेचं नाव पुकारलं तसा ताठ झाला.

तिनं बार खांद्यावर घेतला, दोन पावलं मागे आली. त्या हॉलच्या भिंतीवर ठिपका नव्हता, पण तिनं नजर कुठंतरी वर लावली. पंचांनी हात खाली करून बसायची खूण केली. ती बसली, चांगली खोल बसली, आणि उठली. उठली तेवढ्यात पडद्यामागे कुणीतरी प्लेट आपटली.

टण्ण.

तिचा उजवा गुडघा हलला. मी ओठ दाबून धरले, नाहीतर मीच ओरडलो असतो आणि हॉलबाहेर काढला गेलो असतो. पाऊल उचललं नाही. पंच म्हातारे होते, त्यांना कसली घाई नव्हती. पडद्यामागे आणखी एक आवाज झाला. ती उभीच. नाकाच्या टोकावरून घाम ठिबकत होता.

"रॅक!"

दोन दिवे पांढरे, एक लाल. पंच तिघे, त्यांतल्या दोघांचा दिवा पांढरा म्हणजे वजन धरलं. अस्वलानं मला मिठी मारली आणि माझा चष्मा वाकवला. तो सुनेच्याच दुकानातला होता.

पुढच्या वेळी तिनं वजन वाढवलं आणि ती खालीच अडकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ही आठवली आणि हसू आलं. बाकीचे दोन प्रकार नीट झाले. शेवटी ती पाचजणींत चौथी आली, आणि दुखण्याआधी जेवढं उचलायची त्यापेक्षा कमीच भरलं. चौथीला काही मिळत नाही. गाडीत ती पूर्ण वेळ बोलत होती, पुढच्या वेळी कुठून सुरुवात करायची, किती वाढवायचं. मुलानं आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बाबा, गाडीवर टाकायला एक चांगलं कव्हर आणायला पाहिजे."

आता सराव पुन्हा नेहमीसारखा चालतो. हुकूम मी देतो. निळ्या खुर्चीवर बसतो, आधी बसत नव्हतो. पाना त्याच खिळ्याला असतो. सगळं झालं, प्लेटा भिंतीशी लागल्या, की सून म्हणते, "बाबा, द्या."

मी खांबावर एक ठोका देतो. आता त्याचा अर्थ एवढाच की काम संपलं. भिंतीपलीकडून, स्वयंपाकघरातून मुलगा ओरडतो, "वाढतोय, वाढतोय! हात धुऊन या!"