वीतभर काठाची होडी

अर्धांगवायूचा झटका येऊन आठ महिने झाले होते, आणि वेंडेल पिंडर नवी होडी बघायला निघाला होता. फ्लॉरिडाच्या उथळ खाऱ्या पाण्यात तीस वर्षं तो हौशी लोकांना पिसं बांधलेल्या गळानं मासे धरायला नेत आला होता. आता डावा पाय ओढत चालायचा. त्याची बायको लोर्ना बरोबर होती.

होड्या विकणाऱ्या ऑल्टन करीनं धक्क्याला दोन बांधून ठेवल्या होत्या. एक अरुंद, हलकी, जेमतेम वीतभर उंच काठाची; दुसरी रुंद, जड.

"हीच!" वेंडेल हलकीकडे बघत म्हणाला. "घोटाभर पाण्यातही जाईल. माशाला चाहूल लागायची नाही."

"आणि लाटांत?" लोर्नानं विचारलं.

"लाटांत कोण मासे धरतं, बाई?" ऑल्टन हसला.

"धरत नाही. पण घरी त्यातूनच यावं लागतं."

तिघं हलकी घेऊन निघाले. उथळ पाण्यात वेंडेल होडीच्या मागच्या टोकावरच्या उंच चौथऱ्यावर चढला, लांब काठीनं होडी ढकलू लागला. चेहरा पूर्वीसारखा उजळला. लोर्ना जवळजवळ विरघळली.

परतताना ऑल्टननं इंजिन सुरू केलं, पण खोल खाडीत ओहोटी आणि वारा समोरासमोर आले आणि लाटा उठल्या. पहिलीच लाट पुढच्या टोकावरून आत आली. वेंडेल जागा बदलायला उठला, पाय निसटला, तो काठावर कोसळला. होडी त्याच्या बाजूला कलली. त्याचा खांदा पाण्यात गेला.

"हलू नका बाई, उलटेल!" ऑल्टन ओरडला.

लोर्नानं बसल्या जागेवरून वेंडेलचा कमरेचा पट्टा पकडला आणि सगळं अंग मागे टाकलं. ऑल्टननं इंजिन मंद करून होडी वळवली, तेवढ्यात तिनं त्याला आत ओढलं.

धक्क्यावर आल्यावर वेंडेल हळूच म्हणाला, "पाय कुठे टेकलाय, तेच कळलं नाही मला." हे त्यानं आजवर कबूल केलं नव्हतं.

तो उठून रुंद होडीत गेला आणि काठाशी उभा राहिला. "तूही ये. ह्याच बाजूला."

लोर्ना चढली तशी होडी जराशी झुकली आणि थांबली.

"आतल्या उथळ खाड्यांत ही जायची नाही," वेंडेल म्हणाला. " मोठे मासे तिथेच असतात."

तरी तो होडीतून उतरला नाही.

"हीच घेतो. हिच्या चौथऱ्याला कठडा बसवून दे," तो ऑल्टनला म्हणाला. "आणि सुरुवातीला लोर्ना येईल बरोबर."

"मला विचारलंस?"

"विचारतोय," वेंडेल पाण्याकडे बघत म्हणाला.

"येईन," ती म्हणाली.