शून्यापासून नऊपर्यंत

टायरचा कारखाना बंद पडला तेव्हा घरातले दोघे एकदम रस्त्यावर आले: ती आणि तिचा धाकटा दीर. ती तयार टायर तपासायच्या टेबलावर बावीस वर्षं होती, तो प्रेसवर. प्रेसने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं कधीच खाल्ली होती. तिचा नवरा गेल्यापासून सहा वर्षं याच दिराने घर ओढलं, पण तुमचं-आमचं कधी केलं नाही.

कामावरून गेलेल्यांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. माणसं चाळीस, पुढे नोकरी पंधरांनाच. मास्तरांनी फळ्यावर दहा चौकटी आखल्या. "हा ॲरे. एका ओळीत दहा खण, प्रत्येकात एक पूर्णांक. पण मोजायचं शून्यापासून. म्हणजे शेवटच्या खणाचा नंबर नऊ."

"दहावा असून नऊ?" दीर म्हणाला. "आमचा सुपरवायझर ओव्हरटाइम असाच मोजायचा." अख्खा वर्ग हसला.

संध्याकाळी ती ओट्यावर दहा वाट्या मांडून त्याला शिकवायची. प्रत्येक वाटीत आकड्याची चिठ्ठी. धाकटी जाऊ करवादायची, "तुमचा ॲरे आवरा, मला आमटी वाढायचीय!" दिराला सगळं कळायचं, फक्त कुठून सुरू करायचं तिथे गाडी अडायची.

परीक्षेत प्रश्न सोपाच आला: ॲरेमधले दहा आकडे उलट्या क्रमाने छापा. बोलताना दिसला तो बाद.

तिचं लवकर झालं. शेजारी आठ बोटांची टकटक चालू होती. शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा हलकेच आवाज आला, "वहिनी, दहापासून की नऊपासून?"

तिला स्वच्छ ऐकू आलं. पर्यवेक्षक पार दाराशी, पाठमोरा. ओठ हलवायचीही गरज नव्हती, पडद्यावरच्या नऊवर बोट ठेवलं असतं तरी भागलं असतं. पण जागा पंधराच, हे तिच्या मनात आलं. आलं ते आलंच. ती समोर बघत राहिली.

त्याने दहा टाकला. नसलेला खण उघडायला गेलेला प्रोग्रॅम लाल ओळ दाखवून बंद पडला. ती ओळ तो वाचत होता तोवर घंटा झाली.

तिसऱ्या दिवशी यादी लागली. तिचं नाव चौदावं. त्याचं नव्हतं.

परतताना तोच म्हणाला, "तुम्हाला ऐकू गेलं नसेल, वहिनी. मशीनच्या आवाजाने सगळ्यांचेच कान गेलेत."

हो म्हटलं असतं तर मिटलं असतं. तिच्या तोंडून निघालं, "गेलं होतं ऐकू."

तो चार पावलं चालला. "तो पर्यवेक्षक जवळ होता का?"

"नाही. लांब होता."



पुढच्या महिन्यात तो परगावी गेला, गोदामात माल चढवायला. फोन करायचा तो बायकोला. जाऊ भांडली असती तर बरं झालं असतं. एका सकाळी जावेने आपली डबे-भांडी वेगळी काढली, खिडकीखाली दुसरी शेगडी मांडली आणि मधे कपाट आडवं लावलं.

ती ऑफिसला निघायच्या तयारीत दारात खिळून उभी राहिली.

"निघा," जाऊ वर न बघता म्हणाली. "उशीर होईल तुम्हाला."