पान दोनशे नऊ

मी बोलायला लागले तर आमच्या वाचनालयातल्या निम्म्या लोकांना घाम फुटेल. म्हणून इतकी वर्षं तोंड मिटून होते. आता माझी सगळी पानं भरली. आता मला कोण काय करणार?

मी अभिप्राय वही. दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची, टेबलाच्या पायाला सुतळीनं बांधलेली. नियम असा, की पुस्तक परत करताना माझ्यात दोन ओळी लिहायच्या, मगच नवं पुस्तक हाती पडायचं. नियम चांगला होता, माणसांनी त्याचं मातेरं केलं. पहिल्यानं लिहायचं, 'अप्रतिम कलाकृती.' खालच्यानं लिहायचं, 'वरीलप्रमाणे.' त्याच्या खालच्यानंही तेच. एकदा माझ्यावर शाई सांडली, तर त्या डागाखालीसुद्धा एकानं 'वरीलप्रमाणे' लिहून सही ठोकली.

आमचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना हेडसर म्हणतात. एका जमीनदार घराण्यावरच्या जाडजूड, नावाजलेल्या कादंबरीवर ते दरवर्षी व्याख्यान द्यायचे. त्या कादंबरीच्या मधोमध अचानक लढाई जुंपते. हेडसर चष्मा काढून सांगायचे, "मंडळी, हे युद्ध बाहेरचं नाही. हे नायिकेच्या अंतर्मनातलं युद्ध आहे." मंडळी माना डोलवायची. हेच वाक्य त्यांनी माझ्यात लिहिलं, आणि त्याखाली चौदा जणांनी 'वरीलप्रमाणे'ची रांग लावली. इतर पुस्तकांवरही हेडसर माझी पानंच्या पानं भरायचे.

मग शिवणताई आली.

चाळिशी उलटलेली बाई, शिक्षण चौथीपर्यंत. घराच्या पुढच्या खोलीत तिचं शिलाईचं काम चालतं. ढगळ कपडे आत घ्यायचे, तंग झालेले सैल करायचे, काज करायची. पुस्तक मशीनला टेकवून ठेवते आणि हात चालू असताना वाचते. बोलते तेव्हाही ओठांत टाचण्या असल्यासारखी, थोडं आणि टोचणारं.

तिनं पहिल्याच कादंबरीवर लिहिलं, 'नायक तीनशे पानं नदीकाठी उसासे टाकतो. घरात बायको तापानं फणफणलेली. तांब्याभर पाणी उचलून दिलं असतंन् मेल्यानं, तर पुस्तक पन्नास पानांत संपलं असतं.' माझा कागद शहारला. अहो, पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याशी खरं बोललं होतं!

एका इतिहासाच्या पुस्तकावर लिहिलं, 'लढाई झकास रंगवली आहे. पण चाळीस हजारांच्या फौजेचे फाटके कपडे शिवत कोण होतं, ते एका ओळीतही नाही. फौज काय नागडी लढली?' आणि एका जुन्या कादंबरीतल्या म्हातारीबद्दल नुसतं इतकंच, 'ही खरी आहे. हिच्यासाठी रडले. मशीनवर पाणी पडलं, पुसलं.'

लोक कपाटाआधी मला उघडायला लागले. "आज काय लिहिलंय बाईनं?" म्हणत माझ्यावर वाकायचे. माझी कॉलर ताठ झाली, वहीला कॉलर नसते तरी.

मग एकदा तिनं हेडसरांची ती लाडकी कादंबरी नेली. महिनाभर आलीच नाही. आली तेव्हा पेन दाबून लिहिलं, 'पान दोनशे आठनंतर ही कादंबरी राहत नाही. सोळा पानं कोणीतरी सेनापती येऊन किल्ल्याला वेढा घालतो आणि न सांगता निघून जातो. पुढे बाई एकदम विधवा. हे अंतर्मन नाही, ही गडबड आहे. ज्यांनी वाहवा केली त्यांनी पुस्तक वाचलेलं नाही.'

ग्रंथपालाचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, शेवटचं वाक्य तेवढं खोडा ना. हेडसर बघतील."

"बघण्यासाठीच लिहिलंय, भाऊ."

हेडसरांनी बघितलं. दुसऱ्याच दिवशी निरोप गेला, की रविवारच्या बैठकीत लेखी माफी वाचून दाखवा, नाहीतर वाचनालयाचं कार्ड परत करा. माफी माझ्यातच लिहायची होती, म्हणून ग्रंथपालानं सुतळी सोडली आणि मला तिच्या पिशवीत घातलं. ती कादंबरीही तिनं पुन्हा मागून घेतली. जन्मात पहिल्यांदा मी त्या टेबलापासून सुटले.

तिच्या घरी मला कापडाच्या गठ्ठ्यावर ठेवलं. कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, "आई, माग माफी आणि संपव विषय. तुला काय करायचंय त्या सेनापतीशी?"

"कार्ड गेलं तर मी वाचू काय? तुझ्या परीक्षेच्या गाइडा?"

"म्हणून तर सांगतेय, माग माफी!"

"बाही उलटी बसलेली दिसत असताना गिऱ्हाइकाला 'छान दिसतंय' म्हणू? मग मशीन विकलेलं काय वाईट?"

तोंडानं ती असं बोलली खरी, पण लेक गेल्यावर तिचा चेहरा उतरला. चौथी शिकलेल्या माणसाला पुस्तक कळलं नाही, की पहिली शंका स्वतःवरच येते. ती सोळा पानं तिनं तीनदा वाचली होती. ओळीखाली बोट धरून चौथ्यांदा वाचली. मग वाचणं सोडलं आणि शिवणारणीसारखं बघितलं. पुस्तक दोन्ही हातांनी पार उलगडलं आणि घडीत डोळा घातला.

पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या एकत्र शिवलेल्या, आणि हे कधीतरी उसवून पुन्हा शिवलेलं होतं. प्रत्येक घडीत जुन्या सुईची भोकं होती, चार, एका रेषेत. फक्त या सोळा पानांच्या घडीत भोकं पाच होती, आणि ती भलत्याच जागी.

"दुसऱ्याच्या कपड्याची बाही आहे ही," ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत मीच होते, म्हणजे मलाच म्हणाली. इतकी सुखावले मी!

शनिवारी ती मला घेऊन वाचनालयात आली. अकरा वर्षांपूर्वी शिलाई सुटलेली पुस्तकं एकदमच बांधायला दिली होती, असं ग्रंथपालानं आठवून सांगितलं. तिनं इतिहासाचं कपाट उघडलं. एकेक पुस्तक काढायचं, पान दोनशे नऊ उघडायचं, परत ठेवायचं. ग्रंथपाल दाराकडे बघत उभा. सातवं पुस्तक एका किल्ल्याच्या वेढ्याचं निघालं. ते उघडलं आणि तिनं ओळीखाली बोट धरलं. तिथं वेढ्याच्या ऐन मधोमध कादंबरीतली बाई रडत होती.

बांधणाऱ्यानं दोन पुस्तकांच्या घड्यांची अदलाबदल केली होती. छपाई सारखी, आकार सारखा, पानांचे आकडेही तेच, दोनशे नऊ ते दोनशे चोवीस. बिचाऱ्याला कळलं नाही. पण वाचणाऱ्यांना? या इतिहासाखालीही माझ्यात सहा अभिप्राय आहेत. पहिला, 'संशोधनपूर्ण.' पुढचे पाच तुम्हीच ओळखा.

रविवारी सगळ्या खुर्च्या भरल्या. हेडसरांसमोर टेबलावर तिचं कार्ड ठेवलेलं. "बाई, माफी लिहिलीत?"

तिनं कादंबरी पुढे सरकवली. "आधी एवढं वाचून दाखवा, सर. दोनशे आठची शेवटची ओळ आणि पुढची. माझं शिक्षण कमी."

हेडसरांनी खणखणीत आवाजात वाचलं, "तिनं कडी काढली. दारात उभा होता..." नजर समोरच्या पानावर गेली. "...तोफखाना, आणि त्याच्या पाठीशी सहा हजार घोडेस्वार." मग चष्मा काढून म्हणाले, "हेच ते अंतर्मन!"

"बरं. मग हिचा नवरा कधी मेला?"

"म्हणजे?"

"दोनशे आठवर तो जिवंत आहे, सर. दोनशे पंचवीसवर ही विधवा. मधल्या सोळा पानांत मेला असणार. तुम्ही इतकी वर्षं ही कादंबरी समजावताय, तो कशानं गेला तेवढं सांगा."

"ते... सूचित केलेलं आहे."

"कुठं?"

हेडसरांनी पानं मागे-पुढे केली. मागच्या रांगेतून कुणीतरी खुदकन हसलं. शिवणताई हसली नाही. तिनं पिशवीतून वेढ्याचं पुस्तक काढलं आणि उभ्यानं वाचायला सुरुवात केली, "...तिचा थोरला भाऊ. हातात तिच्या नवऱ्याचा कोट होता, नीट घडी घातलेला, एक बाही फाटून गेलेली."

सोळाच्या सोळा पानं वाचली तिनं. बोट ओळीखाली, आवाज आधी हळू, मग मोकळा. भावानं कोट पुढे केला, बाईनं तो घेतला नाही, तीन दिवस तो ओट्यावरच पडून राहिला, आणि चौथ्या दिवशी तिनं उरलेली बाहीही उसवून टाकली. चहा आला, कुणी कपाला हात लावला नाही. मघाशी हसलेला माणूस रुमाल शोधत होता. अकरा वर्षं ही बाई त्या कपाटात रडत होती आणि आज कुठं तिला कुणी ऐकलं.

वाचन संपलं. हेडसरांनी चष्मा पुसला. मग उठले. मला वाटलं, निघाले. पण त्यांनी तिचं कार्ड उचललं आणि दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरलं. "बाई, ही कादंबरी मी आज पहिल्यांदा ऐकली." मग मला जवळ ओढून स्वतःचा अभिप्राय एका रेघेत खोडला. तिच्या शब्दाला हात लावला नाही. खोलीभर टाळ्या झाल्या. मी मनातल्या मनात सगळी पानं फडफडवली.

शिवणताई काय करत होती? दोन्ही पुस्तकं टेबलावर ठेवून कात्री मागत होती. तिथंच बसून दोन्ही उसवली, सोळा पानं इकडची तिकडे केली, मेण लावलेल्या दोऱ्यानं घट्ट शिवली. चौदा जणांनी त्याच संध्याकाळी कादंबरीसाठी नंबर लावले. हेडसरांनी नंबरावरून जुंपलेलं दोघांचं भांडण सोडवलं!

माझी पानं तिच्या अभिप्रायांनीच संपली. जुन्या वह्या रद्दीत जातात, पण मला पुठ्ठ्यावर क्रमांक चिकटवून कपाटात उभं केलंय. मी आता पुस्तक आहे, लोक मला घरी नेतात. न्या बापडे! माझं मागणं एकच. आवडलं तर का आवडलं ते लिहा, कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. न कळल्यानं कुणाचं नाक कापलं जात नाही.

मला सर्वांत आधी हेडसरांनी नेलं. पंधरा दिवसांचा नियम मोडून महिनाभर ठेवलं. परत केलं तेव्हा नव्या वहीत माझ्यावर अभिप्राय लिहिला, 'पहिली सत्तर पानं वगळावीत. त्यांत मी फार बोललो आहे.'

सत्तर नाही सर, बहात्तर. पण चालेल, तुम्ही मोजायला तरी लागलात.