सुकदेवची कुजबुज

डिंडोलीच्या तळ्यात मासे होते, याला पुरावा सुकदेवचा कामावरचा जोडीदार किसन होता. सुकदेवला मात्र वर्षभरात एकही लागला नव्हता. उन्हाळ्यात पाणी आटलं की चिलापी जलपर्णीच्या सावलीत दडते, हे किसननं शिकवलं; सुकदेवनं गळ तिथे टाकला. पावसाळ्यात ती नाल्याच्या तोंडाशी येते, तिथेही टाकला. थंडीत ती दुपारच्या उन्हाला वर येते म्हणाला, तेव्हा सुकदेव स्वतःच ऊन खाऊन घरी आला.

फाल्गुनात बायकोनं, योगितानं, निकाल लावला. या रविवारी मासा आला नाही, तर काठी कपडे वाळत घालायला आणि सुकदेव दर रविवारी कडोदऱ्याला, तिच्या बहिणीकडे. तिथे साडू मोटारसायकलचं अ‍ॅव्हरेज सांगे. सुरुवातीपासून.

दोष गळाचा नव्हता. यंत्रमागाच्या खात्यात, म्हणजे कारखान्याच्या धडधडाटात, अठरा वर्षं काढलेल्या माणसाचा आवाज बाहेर आला तरी खात्यातच राहतो. सुकदेव कुजबुजला की पलीकडच्या काठावरची म्हैस उठून उभी राही. बोलू नको, मासे पळतील, हे त्यानं किसनला वर्षभर सांगितलं होतं आणि ते माशांनी ऐकलं होतं.

त्या रविवारी चार वाजता किसननं हात जोडले. "सुकाभाऊ, आता खात्यातल्यासारखं बोलू."

म्हणजे हातानं. माग चालू असताना तिथे तोंडानं कोण बोलतं?

तासभर दोघांचे नुसते हातवारे चालले. तंबाखू झाली, मुकादमाची नक्कल झाली. एका आजीबाईंना दया येऊन त्यांनी बिस्किटांचा पुडा ठेवला. तो दोघांनी निमूट खाल्ला.

इतक्यात दोऱ्याला बांधलेला थर्माकोलचा तुकडा बुडाला. 'मासा लागला' याला खात्यात खूण नाही. किसननं घाईत जवळची केली: करंगळी वाकडी. म्हणजे धागा तुटला.

सुकदेव मासा विसरला. काठी टाकून त्यानं दोरा धरला, सरसर ओढला आणि गाठ मारायला दुसरं टोक शोधू लागला. हाताला चिलापी लागली. तिला गाठ बसता बसता राहिली.

मग तो हसला, आवाजासकट. तळं रिकामं झालं.

योगितानं मासा तळहातावर घेतला. तळहात बराच उरला.

"एकच मासा शे?"

"पहिला शे," सुकदेव म्हणाला.

तिनं सगळ्यात मोठं पातेलं काढलं आणि बहिणीला फोन लावला. संध्याकाळी कडोदऱ्याहून पाच माणसं मासा खायला आली. रस्सा सगळ्यांना पुरला. मासा कुणालाच सापडला नाही. साडूनं मात्र काटा लागल्याची शपथ घेतली आणि गळ कुठे मिळतो, तेही विचारून घेतलं.