डोंगराची माफी

"एकोणीस," शिगेनोबाईंनी पुन्हा मोजले. बालवाडीतली पोरे पिवळी हेल्मेटे घालून भिंतीला पाठ लावून बसली होती. वीस हवी होती.

गावामागचा ज्वालामुखीचा डोंगर सकाळपासून धुमसत होता. या गावात त्याचे कुणाला नवल नव्हते; राख पडली की बायका दोरीवरचे कपडे काढत आणि कामाला लागत. पण मघाचा आवाज वेगळा होता. खिडक्यांच्या काचा अजून थरथरत होत्या, आणि भर दुपारी बाहेर काळोख दाटत होता.

"कोनात्सु कुठाय?"

रेन नावाचा पोरगा पुटपुटला, "ती सॉरी म्हणायला गेली."

"कुणाला?"

"डोंगराला. तिनं गाजर खाल्लं नव्हतं ना. खिशात लपवलं होतं."

ताटात गाजर टाकले की डोंगर रागावतो, हे वाक्य शिगेनोबाईंचेच होते. एकतीस वर्षे त्या या बालवाडीत ते म्हणत आल्या होत्या. पोरे हसत, डोळे मोठे करून डोंगराकडे बघत आणि मुकाट खात. ती पोरे मोठी झाली, त्यांचीही पोरे आली. वाक्य तेच राहिले.

"मिहोरु, यांना सांभाळ," तरुण सहकारी बाईला एवढेच सांगून त्या निघाल्या.

"बाई, बाहेर जायचं नाहीये! नियम आहे आपला!"

त्यांनी ऐकले नाही.

रस्त्यावर समोरचे दिसत नव्हते. राख डोळ्यांत, दातांत जात होती. राख गोळा करणाऱ्या गाडीवरचे म्हातारे इवाकिरीकाका गाडी सोडून आडोशाकडे पळत होते.

"शिगेनोबाई! उलट्या दिशेनं कुठं निघालात? जीव नकोसा झालाय का?"

"पोर गेलंय काका, डोंगराकडे!"

काकांनी एक शिवी हासडली, आणि वळून त्यांच्याबरोबर चालू लागले.

कोनात्सु कोरड्या ओढ्याच्या काठावर सापडली. चार वर्षांची पोर, हेल्मेटपासून बुटांपर्यंत राखेने करडी. डोंगराकडे तोंड करून उभी होती. गाल फुगलेले होते, आणि ती रडत रडत चावत होती.

"बाई, मी खाल्लं," ती हुंदके देत म्हणाली. "सगळं खाल्लं. तरी तो थांबत नाहीये."

तेवढ्यात हेल्मेटवर टणटण खडे आपटू लागले. काकांनी पोरीला काखोटीला मारले आणि तिघे रस्त्याकडेच्या काँक्रीटच्या आडोशात शिरले. बाहेर पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा आवाज सुरू झाला.

शिगेनोबाई पोरीसमोर गुडघ्यांवर बसल्या.

"कोनात्सु, ऐक. तुझ्यामुळे नाही झालं हे. बाई खोटं बोलल्या होत्या."

"मग कुणामुळे?"

"कुणामुळेच नाही. डोंगराच्या पोटात दगड वितळतात. वाफ कोंडते. भाताच्या भांड्याचं झाकण कसं थडथडतं? तसं."

"मग तो रागावलेला नाहीये?"

"नाही गं."

"त्याला आपण दिसतो का?"

"नाही."

"सॉरी म्हटलेलं ऐकू येतं?"

शिगेनोबाईंनी नकारार्थी मान हलवली. त्यांना वाटले होते, आता पोर शांत होईल. पण कोनात्सु मोठ्याने रडू लागली. रागावलेल्याची समजूत काढता येते. ज्याला आपण दिसतच नाही, त्याला काय सांगायचे?

"कशाला सांगितलंत, बाई?" काका हळूच म्हणाले. "लहान आहे ती."

"लहान आहे म्हणून खोटं सांगितलं, तर इथवर आली, काका."

पुन्हा हादरा बसला. आडोशाच्या छतावरून धूळ गळली. शिगेनोबाईंनी पोरीला घट्ट धरले. त्यांचे हात कापत होते, आणि ते पोरीला कळले.

रडणे थांबवून तिने वर पाहिले. "बाई, तुम्हाला भीती वाटते?"

अशा वेळी काय म्हणायचे ते शिगेनोबाईंना पाठ होते. एकतीस वर्षे त्या तेच म्हणत आल्या होत्या.

"वाटते," त्या म्हणाल्या. "खूप वाटते."

कोनात्सुने आपला राखेने माखलेला हात बाईंच्या पाठीवर नेला आणि तान्ह्या बाळाला थोपटावे तशी ती हळूहळू थोपटू लागली.