पिसांचं पांघरूण

मी एक जुनी कातड्याची कयाक आहे, एकाच माणसाची चिंचोळी होडी. मित्रांनो, ग्रीनलंडच्या आमच्या किनाऱ्यावर झाडं नाहीत. माझी हाडं म्हणजे समुद्रानं कुठून कुठून वाहून आणलेली लाकडं. तोबियासनं ती तासली, बांधली आणि आत बसायचं माझं तोंड स्वतःच्या कमरेच्या मापानं बेतलं. दुसऱ्या कुणाला मी नीट बसणार नव्हते, आणि याचा मला थोडा ताठाही होता.

सीलचं कातडं ओलं असतानाच, एका बैठकीत शिवावं लागतं. म्हणून तोबियासची बायको बेनिग्ना आणि गावातल्या चार बायका दिवसभर मला घेरून बसल्या. टाका कातड्याच्या आरपार जाऊ द्यायचा नाही, नाहीतर पाणी शिरतं.

"आता कंबर सांभाळा हं," बेनिग्ना नवऱ्याला म्हणाली. "जाड झालात तर पुन्हा उसवून द्यायला आम्ही येणार नाही."

त्यानंतर कितीतरी वसंत आम्ही दोघांनी रानबदकांच्या बेटावर काढले. तोबियास घरट्यातली दोन अंडी घ्यायचा, बाकीची ठेवायचा आणि बदकिणीनं स्वतःच्या छातीवरून उपटलेली मऊ पिसं त्यांच्यावर पुन्हा नीट पांघरायचा. उघडी अंडी समुद्रपक्षी टिपून नेतात. घरी आल्यावर शिवणींतून पाणी शिरू नये म्हणून तो मला सीलची चरबी चोळायचा. फार लाड झाले माझे.

मग गावात मोटरबोटी आल्या आणि तोबियासचे गुडघे धरले. मी कातडं कुरतडणाऱ्या कुत्र्यांची तोंडं पोचू नयेत म्हणून उंच मांडवावर चढले, ती तिथंच राहिले. कातडं सुकलं, शिवणी कोरड्या पडल्या. "मी गेलो की हिला माझ्या थडग्यावर ठेवा," असं तो सांगायचा. मला ते ऐकून भीती वाटायची. मला अजून पाण्यात जायचं होतं.

त्याच्या नातीलाही तेच हवं होतं. इवालु रोज त्याच्या मागे लागायची.

"माप माझं आहे गं. तू आत हरवून जाशील."

"कमरेभोवती कातडं गुंडाळीन, आजोबा."

"बरं. बेटावर जाऊन ये. मग बघू हिला कुठं ठेवायचं ते."

पोरीनं घाईत मला जेमतेम चरबी लावली. जाताना निभावलं. बेटावर तिनं घरट्याघरट्यातून दोन-दोनच अंडी घेतली, मला कौतुक वाटलं. परतताना अर्ध्या वाटेवर माझी एक शिवण झिरपू लागली. तेवढ्यात तिची नजर आपल्या बाहीवर गेली. बाहीला पिसं चिकटली होती. पांघरूण घालायचं ती विसरली होती.

किनारा समोर दिसत होता. तळाशी गार पाणी साचत होतं. ती क्षणभर वल्हं धरून बसली आणि मग तिनं मला वळवलं.

बेटावर तिनं मला उपडी करून पाणी काढलं, शिवणीत बरोबरच्या चरबीचा गोळा दाबला आणि एकेक घरटं शोधून झाकलं. दोन घरटी तोवर रिकामी झाली होती. तिथं ती रडली.

तोबियास काठी टेकून किनाऱ्यावर उभा होता.

"उशीर?"

"पांघरायला विसरले. परत गेले. दोन घरटी गेली, आजोबा."

"होडी गळत असताना गेलीस?"

"हो."

तो काठी ठेवून खाली बसला आणि माझ्या शिवणीत चरबी चोळू लागला. "ये, बघ कशी लावतात," तो म्हणाला. "तुलाच लावायची आहे आता."

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या थडग्यावर इवालुनं माझ्याऐवजी त्याचं वल्हं ठेवलं. मी आजही तिच्याबरोबर बेटावर जाते. मित्रांनो, निसर्गाच्या घरातून घ्यायचं ते घ्या, पण निघताना मागे वळून बघा. पांघरुणावाचून कुणी उघडं तर राहिलं नाही ना?