पहिला दाब

"काइन्त्सबाई, मेंदूचा डबा उघडून तीन तास झाले. अजून किती?" गेर्नोट दारातूनच म्हणाला.

"तुझ्या पीएचडीला म्हणावं, जरा दम धर," रोझविथा काइन्त्स म्हणाली आणि तिने उजवा हात टेबलाखाली घेतला. तो पुन्हा थरथरायला लागला होता.

ग्राझच्या या प्रयोगशाळेत ती एकोणतीस वर्षं मेंदूचे तुकडे कापत होती. देहदान केलेल्यांचे मेंदू इथे येत. दाबल्यावर ते किती अडतात, म्हणजे दाबाला किती विरोध करतात, सोडल्यावर किती वेळात सावरतात, हे यंत्र मोजत असे. तुकडा साखरेच्या चौकोनी वडीएवढा, पण इतका मऊ की नुसता ठेवला तरी स्वतःच्याच वजनाने बसायचा. बाईंसारखा सरळ तुकडा अख्ख्या ऑस्ट्रियात कुणी कापत नाही असं लोक म्हणत, आणि बाई ते खोडून काढत नसत. ईस्टरपासून मात्र याच नावलौकिकाची तिला धास्ती वाटू लागली होती.

आजचा तुकडा गेर्नोटच्या कामातला शेवटचा. मेंदूच्या त्याच भागातला दुसरा वर्षभरात मिळेल याचीही खात्री नव्हती. कापताना हात शहाण्यासारखा वागला. तिने तुकडा यंत्राच्या खालच्या तबकडीवर चिकटवला आणि चक्र फिरवत वरची तबकडी खाली आणू लागली. तबकडी नुसती टेकायला हवी होती. तेवढ्यात हात उडाला, चक्र गरकन फिरलं आणि तुकडा दबला. तिने तबकडी झटकन वर घेतली. तुकडा हळूहळू फुगला आणि पूर्वीसारखा दिसू लागला.

दिसू लागला, एवढंच. मेंदू पहिल्या दाबाला जसा अडतो तसा पुन्हा अडत नाही, दुसऱ्या वेळी तो नरमच पडतो. आणि पहिल्याची नोंद झालीच नव्हती. गेर्नोट खिडकीशी कॉफी ओतत होता, त्याने काही पाहिलं नव्हतं. गप्प राहिलं तर आकडा जरा कमी येईल, माणसामाणसात फरक असतोच म्हणून खपूनही जाईल. बोललं तर हातातली सुरी जाईल.

"चालू करू?" त्याने विचारलं.

"नको. मी आधीच दाबलाय तो. हात हलला."

तो वाकून बघत राहिला. "दिसत तर नाही काही."

"दिसणारच नाही. म्हणून तर सांगतेय."

तुकडा ज्याच्या हातून बिघडला त्यानेच वहीत लिहायचं, अशी तिथली रीत होती. एकोणतीस वर्षांत तिचं नाव त्या पानांवर आलं नव्हतं. तिने लिहिलं. अक्षरं रेघ सोडून भरकटली. गेर्नोटने ती वाचली आणि मग तिच्या हाताकडे पाहिलं.

"कधीपासून?"

"ईस्टरपासून. डॉक्टर म्हणाले, मेंदूतच आहे."

तिला वाईट वाटलं, पण कित्येक महिन्यांचं ओझंही उतरलं. तिने फ्रिजमधून सरावासाठी ठेवलेला डुकराचा मेंदू काढला, त्याच्यापुढे ठेवला आणि सुरी त्याला दिली.

"दाबू नकोस. तिला नुसती जाऊ दे."

त्याने सुरी टेकवली. तिने पाहिलं, त्याचा हात अगदी स्थिर होता.